वर न गेलेला हात

दर एप्रिलात वल्हवण्याच्या क्लबात नव्याने आलेल्या बायकांना होड्यांची शर्यत समजावून सांगायचं काम जॅनिस पीचीकडे असे. शाळेच्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं काढलेली बाई. बुटकी, वजनाने हलकी, आवाज मात्र खणखणीत. होडीच्या मागच्या टोकाला बसून सुकाणूच्या दोऱ्या धरायला अशीच लागते.

"आपली केम नदी अरुंद," ती सांगे. "बाजूने पुढे जायला जागाच नाही. म्हणून होड्या एकामागे एक उभ्या करतात. तोफ उडाली की पुढचीला जाऊन टेकायचं, मागची आपल्याला टेकायच्या आत. टेकलात की दुसऱ्या दिवशी तिची जागा तुमची. शर्यतीच्या चारही दिवशी टेकलात तर तुमचं नाव रंगवलेलं वल्हं घरी न्यायला मिळतं. आणि आपल्याला कुणी टेकलं की सुकाणूवालीने हात वर करायचा. लगेच. पंच वळणामागे असला तरी."

स्वतः जॅनिसला बावीस वर्षं दर जुलैत शर्यतीत उतरूनही वल्हं मिळालं नव्हतं. त्याच्यासाठी घरच्या स्वयंपाकघराच्या दारावरची भिंत तिने मोकळी ठेवली होती. "तिथे घड्याळ लावू दे मला," नवरा, रॉय, म्हणायचा. "उशीर किती झालाय ते तरी कळेल."

तेविसाव्या वर्षी तीन दिवसांत त्यांची होडी तीन होड्यांना टेकली. चौथ्या दिवशी पुढे होती ब्रायनीची. ब्रायनीला दोऱ्या धरायला जॅनिसनेच शिकवलं होतं. दोन हिवाळे पहाटे उठून, थर्मासमधला चहा निम्मा निम्मा करून. मग ती दुसऱ्या, बड्या क्लबात गेली.

वळणावर दोघींतलं अंतर हातभर राहिलं, आणि मग राहिलंच नाही. ठक्क. वल्हवणाऱ्या आठहीजणींना धक्का जाणवला. पुढचीचा हात वर गेलेला दिसेपर्यंत वल्ही थांबवायची नसतात. हे जॅनिसच सगळ्यांना घोकून घ्यायची. पण पुढे ब्रायनी होती. "बस्स, थांबा!" जॅनिस ओरडली.

ब्रायनीने एकदा मागे वळून पाहिलं. तिचे दोन्ही हात दोऱ्यांवरच होते. तिची होडी निघून गेली.

"टेकलो ना गं?" जॅनिससमोर वल्हवत बसलेल्या लॉर्नाने विचारलं. उत्तराआधी मागची होडी येऊन त्यांच्यावर आदळली. जॅनिसने हात वर केला.

पंच काठावरून सायकलने मागून आला. "पुढचीने हात वर केला होता?"

"नाही. पण टेकलो आम्ही."

"मला दिसलं नाही, बाई."

संध्याकाळी बिअरच्या तंबूत ब्रायनी स्वतःहून आली. "मला खरंच काही जाणवलं नाही गं, जॅनिस."

"मग मागे कशाला वळलीस?"

"शर्यत आहे ती. इतकं काय मनाला लावून घेतेस?"

ती गेल्यावर लॉर्ना ग्लासात बघत म्हणाली, "आणि तू कशाला केलास हात वर? मागची टेकली तेव्हाही पंच वळणामागेच होता."

त्याच आठवड्यात रॉयने त्या मोकळ्या भिंतीवर घड्याळ लावलं. सरळ आहे का ते जॅनिसने खालून पाहून सांगितलं.

पुढच्या एप्रिलात नव्या बायका आल्या. तोफ, वल्हं, हात, सगळं सांगून झालं.

"आणि पंच वळणामागे असला तर?" एकीने विचारलं.

"तर त्याला दिसत नाही," जॅनिस म्हणाली, आणि दोऱ्या कशा धरायच्या ते दाखवू लागली.