वळणाआधीचा ब्रेक

नलूताई गेल्याचा फोन सातपूरच्या कारखान्यात आला तेव्हा मी पहिल्या पाळीत होतो. दाजी एवढंच म्हणाले, "सुभाष, ताई गेली तुझी... सकाळी सव्वासातला." तिच्या दोन्ही किडन्या वर्षभरापासून निकामी झाल्या होत्या, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. अनपेक्षित होतं ते पुढचं. दोन दिवस जो भेटे तो आधी हेच विचारी, "गाडीत का? अपघात झाला?" एक लांबचे मामा तर "तरी मी सांगत होतो" म्हणून मोकळे झाले. मी प्रत्येकाला सांगत होतो, घरात गेली, इंदिरानगरला, स्वतःच्या अंथरुणात. रस्त्यावर तिच्या गाडीला उभ्या आयुष्यात साधा ओरखडा आला नाही... ऐकणाऱ्याचा चेहरा थोडा पडायचा. जणू बाईने रेसच्या ट्रॅकवर जाऊन गाडी शिकायचं ठरवलं की तिचा शेवट ठरलेलाच. सहा आठवडे झाले, तो राग अजून उतरलेला नाही. हे लिहायला बसलो त्याचं ते एक कारण. दुसरा राग माझा माझ्यावरच आहे, तोही सांगायला हवा.

आम्ही नाशिकजवळच्या मखमलाबादचे, फुलांची शेती करणारे. गुलाब, शेवंती, सणासुदीला झेंडू. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमच्या वडिलांची, अण्णांची, पाठ धरली तेव्हा बाजाराला फुलांचा मॅटॅडोर टेम्पो न्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती शिकली. अण्णांनी शिकवलं ते एका वाक्यात, "गाडी चालली हाय हे फुलाला कळलं नाय पाहिजे." ती तशीच चालवायची. ब्रेक लांबून, हलका, वळण सावकाश. लग्न होऊन इंदिरानगरला आल्यावर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तिने एका जुन्या मारुतीवर ड्रायव्हिंग स्कूल काढलं. बायका तिच्याकडे निर्धास्त यायच्या. सात वर्षं छान चाललं आणि मग कुंदाबाईंचा अपघात झाला.

कुंदाबाई शाळेत शिकवायच्या. ताईकडे गाडी शिकल्या, लायसन्स काढलं, आणि श्रावणात कसारा घाटात ओल्या वळणावर समोर ट्रक आला म्हणून त्यांनी जोरात ब्रेक दाबला. चाकं जाम झाली, गाडी सरकत जाऊन कठड्याला धडकली. पाय मोडला, रॉड घालावा लागला. ताई दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. कुंदाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "ताई, ब्रेक मारायला तुम्ही शिकवलंत. घसरल्यावर काय करायचं ते नाही शिकवलंत."  ताई बाहेर जिन्यात थांबून म्हणाली, "शिकवणार काय? मलाच माहीत नाही."

हे कोण शिकवतं याची ती महिनाभर चौकशी करत होती. शेवटी मद्रासजवळच्या एका रेसिंग स्कूलचा पत्ता मिळाला. तीन दिवसांचा वर्ग, हौशी लोकांसाठी. दाजींना रजा नव्हती म्हणून मी सोबत गेलो, मनमाडला गाडी बदलून. तिथे वीसेक पोरं होती, विशीतली, घरचे कारखाने असलेली. त्यांत बेचाळीस वर्षांची माझी बहीण, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालून, डोक्यावर कुणाचं तरी ढगळ हेल्मेट. तिथले सर स्वतः पूर्वी शर्यतीत उतरलेले. इंग्रजी बोलायचे, मी तिला मराठीत सांगायचो. पहिल्या फेरीनंतर ते म्हणाले, "या बाई काच घेऊन निघाल्यासारखी गाडी चालवतात." मी ते सांगितलं. ती म्हणाली, "काच नाही, फुलं म्हणावं." सर हसले, पण तिची चूक तिथेच होती. ते तिला तीन दिवस एकच गोष्ट सांगत राहिले. ब्रेक सरळ रस्त्यावर लावा, वळणाआधी आणि ठामपणे. मग वळता वळता पाय हळूहळू उचला. नजर बॉनेटवर नको, वळण जिथे संपतं तिथे. तिला ते समजत होतं, वहीत चित्रं काढून माझ्याआधी समजत होतं. पण ट्रॅकवर गेली की पाय जुनंच करायचा. हलका ब्रेक, लांबून सुरू होऊन वळणाच्या आतपर्यंत चाललेला. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा हळू गेली. तिसऱ्या दिवशी परीक्षा होती, ठरलेल्या वेळेत बिनचूक फेऱ्या मारायच्या. तिला जमल्या नाहीत. पोरांना प्रमाणपत्रं वाटली गेली तेव्हा ती टाळ्या वाजवत उभी होती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

परतीच्या प्रवासात गुंटकल स्टेशन जाईपर्यंत ती वहीतली चित्रं चाळत होती. मग म्हणाली, "सुभ्या, काही येत नसतं तर बरं झालं असतं. येतंय, पण चुकीचं येतंय."

पुढच्या वर्षी पुन्हा गेली. या वेळी घाईने घात केला, चौथ्या वळणावर गाडी गर्रकन फिरून गवतात गेली. पुन्हा नापास. मी वैतागलो होतो. "कशासाठी चाललंय हे?" मी म्हणालो, "नाशकात कुणाला शिकायचंय हे? लोकांना लायसन्स पाहिजे." ती म्हणाली, "तुला कंटाळा आला असेल तर तू नको येऊस." तिसऱ्या वर्षी ती एकटी गेली आणि पास झाली. मला तिने फोनवर सांगितलं तेही असं, "आज पायाने ऐकलं." पुढची काही वर्षं ट्रॅक सगळ्यांना खुला असे त्या दिवशी ती तिथे जात राहिली. सगळ्यांत हळू चालवणाऱ्यांच्या गटात असायची आणि वर्षाकाठी फेरीमागे अर्धा-पाऊण सेकंद कमी झाला तरी आठवडाभर खुशीत असायची.

तिला मात्र हे इथे आणायचं होतं. एक मोकळी सिमेंटची जागा, त्यावर पाणी, अडथळा म्हणून मांडायला चार क्रेट. बस्स. तिने अर्ज केले. एका कचेरीत म्हणाले, शर्यतीला परवानगी नाही. ती म्हणाली, शर्यत नाही, घसरायला शिकवायचंय. साहेबांनी अर्ज परत सरकवला, "बाई, घसरायला कुणी शिकतं का?" असं दीड वर्ष गेलं. मग तिने मला विचारलं. आमच्या कारखान्याच्या मागे तसंच आवार होतं, साप्ताहिक सुट्टीला ओस पडलेलं. "तुमच्या मॅनेजरसाहेबांना एकदा विचारशील?" मी म्हणालो, बघतो.

मी विचारलं नाही. नोकरी जाणार नव्हती, साहेब चांगले होते. पण बहीण रेसिंग शिकते हे त्यांच्यासमोर कसं सांगायचं, ते हसले तर... एवढंच कारण. इतकं क्षुल्लक. ती दर महिन्याला विचारायची, मी म्हणायचो, साहेब दौऱ्यावर आहेत, ऑडिट चालू आहे, बघतो. दोन वर्षं मी "बघतो" म्हणत राहिलो. एक दिवस ती स्वतःच गेटवर आली, चिठ्ठी आत पाठवली आणि साहेबांना भेटली. पाच मिनिटांत ते हो म्हणाले. मग ती शॉपफ्लोअरवर माझ्या मशीनपाशी आली. म्हणाली, "साहेब विचारत होते, तुमचा भाऊ इथेच असून कधी बोलला कसा नाही." मी मान खाली घातली. ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी पाणी सोडायला ये. साबणाचा चुरा मी आणते."

पहिल्या दिवशी पाच बायका आल्या. त्यांत कुंदाबाई होत्या, काठी टेकत. अपघातानंतर त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. ताईने त्यांना चालकाच्या जागी बसवलं, साबणाच्या पाण्यावर ब्रेक दाबायला लावला. गाडी सरकली, त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ताई ओरडली, "पाय सोडा, तिकडे बघा, क्रेटकडे नाही, रस्त्याकडे बघा." गाडी एक हेलकावा खाऊन सरळ झाली. कुंदाबाई स्टिअरिंग धरून बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "परत एकदा." त्या दिवशी त्यांनी ते अकरा वेळा केलं.

हे सगळं दीड वर्ष चाललं. मग कंपनीने त्या आवारात गोदाम बांधलं आणि ताईची जागा गेली. मी पहिल्यांदाच विचारलं असतं तर तिला साडेतीन वर्षं मिळाली असती. हे तिने मला कधी ऐकवलं नाही. मला अजून त्याचाच त्रास होतो. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

मीही तिच्याकडे शिकलो, पण मला ते शेवटपर्यंत आलं नाही. वळणात शिरल्यावर मला ब्रेक आठवतो. "तू वळणात विचार करतोस," ती म्हणायची, "विचार आधी करायचा असतो."

मग आजार आला. डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मना केलं. आठवड्यातून दोनदा मी तिला न्यायचो, स्कूलच्याच गाडीतून. त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक, सळीने चालकाच्या पेडलला जोडलेले. तिने डावीकडून ब्रेक दाबला की माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं. प्रत्येक वळणाआधी जायचं. मी चिडायचो. "मी लावणारच होतो," म्हणायचो. ती म्हणायची, "लावणार होतास. वळणात." डोळे मिटून पडली असली तरी तिचा पाय बरोबर वेळेला दाबायचा. शेवटच्या महिन्यात एकदा घरापर्यंत पेडल एकदाही हललं नाही. मला वाटलं, जमलं. पार्किंगमध्ये गाडी लावून मी विचारलं, "झोपली होतीस?" ती म्हणाली, "नाही रे. आज जोरच नव्हता पायात."

मागच्या आठवड्यात दाजींनी गाडी घरी वापरायची म्हणून डावीकडची पेडलं काढून घेतली. गॅरेजवाल्याला अर्धा तासही लागला नाही. गॅरेजमधून गाडी इंदिरानगरला मीच आणली. पहिल्या वळणाला येताना माझा पाय पेडलवर नुसता ठेवलेला होता, ते आपोआप खाली जाण्याची वाट बघत... ते गेलं नाही. मग मी दाबलं. उशिराच, वळणात.