रुक्मिणबाईचं उशिरा आलेलं न्हाण

मन्याड नदी कंधारच्या खाली उतरते तिथं एका वळणावर तिचं पाणी अगदी संथ होतं. त्या वळणावरचं गाव म्हणजे रुक्मिणबाईचं माहेर. लोह्याकडच्या आमच्या गावात ती सून म्हणून आली तेव्हापासून मी तिला ओळखते. घराला घर लागून आहे. बोलणं तिचं कमीच. पण दुपारी तुरीच्या शेंगा सोलत बसलो की कधीतरी ती त्या पाण्याविषयी बोलायची, आणि बोलता बोलता तिचे हात थांबायचे.

तेरा वर्षांची असताना तिचं लग्न लागलं. तेव्हा आमच्याकडं तसं चालायचं. आता ऐकून कसंतरी होतं. लग्न लावून पोरगी माहेरीच ठेवायची आणि तिला न्हाण आलं, म्हणजे पाळी सुरू झाली, की गूळ-खोबरं देऊन सासरी निरोप धाडायचा, पोरगी मोठी झाली, न्यायला या. रुक्मिणच्या बरोबरीच्या पोरी अशाच एकेक करून गेल्या. कुणाच्या मांडीवर लेकरूही आलं. रुक्मिणचा निरोप मात्र निघेना. अंगात दुसरा कसलाच बदल नाही, नुसती उंची. शेवग्याच्या फोकासारखी सरळ वर चाललेली.

तिच्या आईनं उपास धरले, तीळ-गुळाचे लाडू चारले, कुठल्याशा वैदूचा कडू काढा पाजला. पाणवठ्यावर बाया कुजबुजायच्या. रुक्मिणला ते कळायचं, लाज वाटायची, रात्री उशीत तोंड खुपसून ती रडायचीही. पण मला ती एकदा हळूच म्हणाली, "तरीबी ते दिवस लई चांगले होते गं माय."

ती मोठी झाली नव्हती, त्यामुळं तिला कुणी अडवत नव्हतं. म्हशी घेऊन ती नदीवर जायची. म्हशी पाण्यात बसल्या की तीही उथळ पाण्यात आडवी व्हायची, पाठीखाली मऊ वाळू, टाचांना टोचणारे बारके मासे. कान पाण्यात असले की गावाचा आवाज बंद. वर ढग चाललेले असायचे आणि बघता बघता तिला वाटायचं की ढग जागेवरच आहेत, आपणच वाहत निघालोय. लग्न झालेली रुक्मिण दुसरीच कुणीतरी, ती तिकडं गावात राहते. कधी म्हशीच्या पाठीवर डोळा लागायचा, आणि जाग आल्यावर आपण अलीकडच्या काठाला आहोत की पलीकडच्या, तेच उमगायचं नाही. तीन पावसाळे असे गेले.

इकडं सासरी केवळाबाईचा, म्हणजे तिच्या सासूचा, धीर सुटला. तिनं माणूस पाठवला. "पोरगी तशीच ऱ्हायली तर आमच्या पोरानं काय करायचं? आम्ही दुसरी बघतो."

हे ऐकलं आणि तिचा नवरा पिराजी सायकल काढून कंधारच्या बाजाराला म्हणून निघाला, तो थेट नदीवर आला. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. लग्नानंतर त्यानं तिला धड पाहिलंही नव्हतं. रुक्मिण ओल्या परकरानं चिंचेखाली उभी होती. पळून जावं असं तिला वाटलं, पण ती परकराचा ओला काठ पिळत राहिली. तो जवळ आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, त्याच्या डोळ्यांत बघायला आपल्याला मान खाली करावी लागतेय.

"तू तर माझ्या वर निघालीस," तो म्हणाला.

"मग मी काय करू? अंग थांबतच न्हाई."

तो हसला. सायकलच्या पिशवीतून त्यानं शेवभजी काढून तिला दिली. दोघांनी काठावर बसून खाल्ली. काय बोलले ते तिला आठवत नाही, पाण्यावर ऊन फार होतं एवढंच आठवतं. घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं, "दुसरी बिसरी बघू नको. मी थांबतो."

सोळावं सरलं आणि एका सकाळी न्हाण आलं. आई रडत रडत गूळ वाटत फिरली. रुक्मिणची नदी त्या दिवशीच बंद झाली.

आमच्या गावात ती आली ती सगळ्या बायांत उंच. केवळाबाई मात्र ते तीन पावसाळे विसरली नाही. सुदाम व्हायलाही बरीच वर्षं गेली, तेव्हा तर म्हातारीला शब्दच सापडला. "हिचं सगळंच उशिरा," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. भाकरीला वेळ लागला तरी तेच. रुक्मिण उलट बोलायची नाही. ती कुठंतरी बघत राहायची, आणि मला वाटायचं, हिचे कान अजून पाण्यात आहेत.

सुदाम एकुलता एक. हुशार, कबड्डीचा वेडा. पण नववीत गेला तरी सहावीतल्या पोराएवढा दिसायचा. बरोबरीच्या पोरांचे आवाज फुटले, ओठांवर मिसरूड आली. याचा आवाज तसाच बारीक. शाळेत त्याला 'चिंगळी' म्हणायला लागले. चिंगळी म्हणजे ओढ्यातली सगळ्यात बारकी मासोळी. कबड्डीच्या संघातून त्याला काढलं, तेव्हा तो घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. मग त्याचं बाहेर जाणंच सुटलं. पिराजीनं त्याला लिंबाच्या फांदीला लोंबकळायला लावलं, बाजारातून ताकदीची पावडर आणली. कशानंच फरक पडला नाही.

रुक्मिण तेव्हा रोज एकच स्वप्न बघायची. सुदाम नदीत पुढं चाललाय, पाणी त्याच्या गळ्यापर्यंत आलंय, आणि तेच पाणी हिच्या फक्त गुडघ्याला लागतंय. ती मला म्हणाली, "माझंच काहीतरी लागलंय त्याला." हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

दहावीच्या वर्षी दोघं त्याला घेऊन नांदेडला लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाईंनी वजन-उंची घेतली, रक्त तपासायला दिलं, डाव्या हाताचा एक्स-रे फोटो काढायला लावला. मग पिराजीला विचारलं, "तुमची उंची कधी वाढली? दाढी-मिशी?"

"माझं सगळं वेळेवर, बाई. चौदाव्या-पंधराव्यालाच."

"आणि तुमची पाळी कधी सुरू झाली?"

रुक्मिण खाली बघायला लागली. शेजारच्या खुर्चीवर लेक बसलेला. इतकी वर्षं हा प्रश्न तिला लोकांनी टोमण्यात विचारला होता, सरळ कुणीच विचारला नव्हता.

"सोळा सरल्यावर," पिराजी शांतपणे म्हणाला. "मी थांबलो होतो की."

डॉक्टरीणबाईंनी हाताचा फोटो उजेडावर धरला. काळ्या फिल्मवर सुदामची बोटं पांढरी, धूसर, पाण्याखाली दिसावीत तशी दिसत होती. "हे बघा. पोरगं पंधराचं आहे, पण हाडं अजून बाराचीच. इथल्या फटी मिटलेल्या नाहीत, म्हणजे वाढ शिल्लक आहे. आई उशिरा वयात आली असेल तर लेकरंही बऱ्याचदा अशीच उशिरा वाढतात. काही बायांना लवकर पाळी येते, त्यांची लेकरं आधी भराभर वाढतात आणि लवकर थांबतात. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. रक्ताचे रिपोर्ट येऊ द्या, सहा महिन्यांनी परत दाखवा. पण मला तरी हा आईवर गेलेला दिसतो."

"म्हणजे माझ्यामुळं?" रुक्मिणनं विचारलं.

"तुमच्यामुळं नाही, तुमच्यासारखा. तुम्ही किती उंच आहात, उभ्या राहा बघू."

रुक्मिण उभी राहिली. बाई हसल्या. सुदामनं मान वर करून आईकडं पाहिलं. इतका वेळ तो जमिनीकडंच बघत होता.

परतताना एसटीत खिडकीशी सुदाम, मधे ती. पिराजीचा डोळा लागला होता. बाहेर कापसाची शेतं मागं जात होती. खिडकीकडचं तोंड वळवून सुदाम म्हणाला, "आई, तुलाबी चिडवायचे का?"

"लई."

"मग तू काय करायचीस?"

तिनं आधी पिराजीकडं पाहिलं, मग लेकाला हळू आवाजात सगळं सांगितलं. पाणी, वाळू, मासे, जागेवर उभे राहिलेले ढग. न्हाण म्हणजे काय तेही सांगितलं. आई लेकाशी असं बोलते हे मी आमच्याकडं कधी ऐकलं नव्हतं. लोहा येईपर्यंत ती बोलत होती आणि तो हूं हूं करत ऐकत होता.

रिपोर्ट चांगले आले. दहावीनंतर सुदाम बारावीसाठी लातूरला गेला. पहिलं वर्ष तसंच गेलं. मग एका रविवारी फोन आला, पलीकडून जाडसर, फाटका आवाज. रुक्मिणला वाटलं दुसराच कुणी बोलतोय. पुढं झोपच झोप आणि भूकच भूक. पँटा वर चढायला लागल्या. दर सुट्टीत ती त्यांची खालची दुमड उसवून द्यायची, शेवटी उसवायला कापडच उरलं नाही. चौदाव्या वर्षी जे व्हायचं ते त्याला सतराव्या-अठराव्याला झालं, आणि विशी आली तेव्हा तो बापाच्या डोक्यावरून बघत होता.

सगळंच काही परत मिळालं नाही. कबड्डीतली पोरं पुढं निघून गेली होती, ते वय सरलं होतं. गावात सामना असला की तो अजून कडेला उभा राहतो, आत जात नाही. लातूरच्या कृषी महाविद्यालयात आता शिकतोय.

या दिवाळीत तो घरी आला होता. केवळाबाई आता खाटेवरच असते, अंगाची नुसती मूठ झालीय. सकाळी तिला उन्हात न्यायचं होतं. सुदामनं तिला खाटेवरून अलगद दोन्ही हातांवर उचललं, दारातून वाकून अंगणात आणलं आणि तसाच उभा राहिला. म्हातारीनं खाली बघितलं, त्याच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

"लई उंचावर आणलं रे बाबा. मला गरगरतंय."

"उतरवतो, आजी. आई, गोधडी टाक."

रुक्मिण ओसरीत उभी होती. ती हसत होती, तिला गोधडी टाकायचं सुचत नव्हतं. तिघांवर कोवळं ऊन पडलं होतं.

"टाकते," ती म्हणाली. "थोडं थांब."