वॉल्टरकाकांचं मेडल

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एकाच गाडीतून सात वर्षं ऑफिसला जा, आपोआप साठतात! ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आम्ही एडिसनहून पिस्कॅटवेला जायचो, पाइपलाइनचे नकाशे काढायला. मी, जोशी, कांबळे आणि गाडीचे मालक वॉल्टर. वय साठीच्या पुढे, जन्म जर्मनीतला, दुसऱ्या महायुद्धात घोडदळात लेफ्टनंट. शौर्याचं मेडलही मिळालेलं. आम्ही त्यांना वॉल्टरकाका म्हणायचो.

*

सकाळी काका आधी चारही टायर चाचपायचे, रेडिएटरमधलं पाणी बघायचे. मगच कॉफी. एकदा मीटिंगला उशीर होत होता. जोशी वैतागला, "काका, कॉफी नंतर प्या ना यार!"

"आधी घोडा, मग स्वार. घोड्यानं खाल्ल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही."

"पण ही स्टेशन वॅगन आहे!"

"म्हणून तर चारा देत नाही."

*

जोशीला युद्धाचं भारी वेड. मेडलबद्दल विचारलं की काका भलतंच सांगायचे. त्यांच्या तुकडीचं काम पुढे जाऊन रस्ता बघून यायचं. फ्रान्समध्ये एकदा धुक्यात ते स्वतःच चुकले आणि तीस स्वारांनिशी आपल्याच स्वयंपाक्याला घेरलं!

"मग?"

"तो शरण आला. सूप मात्र दिलं नाही."

*

कांबळे नागपूरचा, मनात एक ओठांवर एक असलं काही नाही. एकदा सिग्नलला थांबलो असताना म्हणाला, "काका, तुम्ही चुकीच्या बाजूनं लढलात."

जोशीनं त्याला कोपरानं ढोसलं.

"हो," काका म्हणाले. "आणि ते मला तेव्हाच कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून कांबळे पुढच्या सीटवर, काकांशेजारी बसायला लागला.

*

काका शाकाहारी. आमच्या मराठी मंडळाच्या जेवणात चिकनच्या टेबलाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. वर पहिला घास मोडून ताटाबाहेर ठेवायचे. "बघा, गोग्रास काढतात!" जोशीनं जाहीर केलं. "आपल्या संस्कृतीचा प्रभाव!" मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कारच केला. काकांनी मांस चाळीस वर्षांपूर्वी सोडलं होतं आणि आमची ओळख जेमतेम सात वर्षांची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

स्टेजवरून उतरल्यावर काकांनी हळूच विचारलं, "हे कुठून उघडायचं?"

*

काका रिटायर झाले तेव्हा आमच्याकडे जेवायला बोलावलं. सुनंदानं, माझ्या बायकोनं, पुरणपोळ्या केल्या होत्या. जोशी हटेचना. "काका, आज तरी सांगा, मेडल कशाबद्दल?"

"रशियात भर हिवाळ्यात वेढ्यात सापडलो होतो. मी बाराजणांना जिवंत परत आणलं. चालत."

"चालत?" सुनंदानं विचारलं. "आणि तुमचा घोडा?"

"घोडी. हेल्गा." काका ताटाकडे बघत राहिले. "बाकीची जनावरं आधीच गेली होती, ती एकटीच उरली होती. तिला द्यायला गवताची काडी नव्हती, आम्हाला पावाचा तुकडा नव्हता. गोळी मीच घातली. आम्ही तेराजण आठवडाभर जेवलो. मेडल मला मिळालं."

सुनंदाच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली.

काकांनी पुरणपोळीचा पहिला तुकडा मोडला, ताटाबाहेर ठेवला. मग जेवायला लागले.