शेवंतीवाल्या काकांची दुरुस्ती

पत्ता लिहून दिल्याशिवाय काका कुणालाही पुस्तिका विकत नसत. लखनौच्या हिवाळ्यात फुलांचं प्रदर्शन भरलं की फाटकाशी स्कूटर लावून ते डिकीतून ‘गमले में गुलदाऊदी’ काढायचे. कुंडीत शेवंती कशी वाढवावी, याची सोळा पानं. स्वतः लिहिलेली, झेरॉक्स करून घरीच पिन मारलेली. सोबत पत्त्यांची वही. लोक विचारत, “पता क्यों, अंकल?”

“ग़लती निकली तो बताने आना पड़ेगा ना.”

मीही तेव्हा हसले होते. पण ते खरंच यायचे. काका मूळचे भंडाऱ्याचे, मानक नगरच्या रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन विकास नगरला राहिलेले. मोहरीच्या पेंडीच्या पाण्याचं प्रमाण एकदा चुकलं, तर ऑगस्टच्या चिकट उकाड्यात आमच्या अलीगंजच्या घरी हजर. पुस्तिका मागून घेतली, ओळ खोडली, वर नवी लिहिली आणि शेजारी सही केली. दुरुस्तीपुढे सही लेखकाचीच लागते, असा त्यांचा नियम. चहालाही थांबले नाहीत. “अजून नऊ घरं राहिली, ताई. पुस्तक खोटं बोलू शकते, झाड नाही बोलत.”

त्यांची आवडती ओळ बारा नंबरच्या पानावर होती. शेवंतीला रात्रीचा अंधार लागतो, दिव्याखाली ठेवाल तर नुसती पानंच मिळतील. माझ्या पहिल्या वर्षीच्या कुंड्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली अशाच वांझ राहिल्या होत्या, म्हणून ती मला पाठच होती.

काकू गेल्या. पुढच्या सप्टेंबरात काका आले आणि नेमकी तीच ओळ खोडून त्यांनी लिहिलं, ‘रात भर बत्ती जलाकर रखिए.’ अक्षर तसंच घोटीव, सहीही तीच.

“काका, नक्की?”

“होय ना. अंधारात जीव घाबरते त्याचा.”

मी त्यांच्या मुलाला फोन केला. मी मराठीत विचारलं, तो नेहमीसारखा हिंदीत बोलला. “पापा रात को बत्ती बुझाने नहीं देते, आंटी. कभी-कभी मुझे भी नहीं पहचानते.”

काका बघायला येणार हे मला ठाऊक होतं. त्यांचं मन राखावं म्हणून एक कुंडी मी दिव्याखाली ठेवली, बाकीच्या गच्चीवर. शहाणपणा केला असं वाटलं. गुडघ्यांमुळे ते गच्चीवर चढणार नाहीत, असं मी धरून चालले होते.

नोव्हेंबरात मुलगा त्यांना घेऊन आला. कठड्याला धरत धरत काका आधी गच्चीवरच गेले. सगळ्या कुंड्या फुलल्या होत्या. मग ते व्हरांड्यात आले आणि त्या एका हिरव्यागार झाडाच्या शेंड्याशेंड्यावर बोट फिरवत कळी शोधू लागले.

“ही माझ्या सांगण्यानं ठेवली?”

मी खोटं बोलायला हवं होतं. पण झाडाबद्दल त्यांच्याशी खोटं बोलायची सवयच नव्हती. मी होकारार्थी मान हलवली.

 मग पिशवीतून वही काढून त्यांनी माझ्या हातात दिली. “कुठं कुठं गेलो, आठवत नाही ताई. तुम्ही जा.”

मी घरोघर गेले. काहींकडे ते पोचलेच नव्हते. काहींनी त्यांच्यासमोर नुसती मान डोलावली होती, कुंड्या अंधारातच ठेवल्या होत्या. विकास नगरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या सात कुंड्या मात्र दिव्याखाली होत्या, सातही बिनफुलांच्या. मी माफी मागायला लागले, तर ते म्हणाले, “अंकल ख़ुद चलकर बताने आए थे. कैसे न मानते?” त्यांच्या पुस्तिकेत काकांचं अक्षर मी खोडलं आणि वर जुनीच ओळ लिहिली.

त्याच हिवाळ्यात काका गेले. मी पोरकी झाले, असं लिहायला आता संकोच वाटत नाही.

सगळ्यांच्या पुस्तिकांत मी ती ओळ दुरुस्त केली. माझ्या पुस्तिकेत ती अजून तशीच चुकीची आहे. ती खोडून दुरुस्तीपुढे सही करायला ते यायचे राहिलेत.