हाऊबाग ते घमापूर, पिवळीसकट

गोंदियाला छोट्या लाइनीच्या (अरुंद रुळांच्या) गाडीत बसलो आणि बायकोनं बजावलेलं आठवलं, "पोटचं पोर समजून सांभाळा ते बोचकं." बोचक्यात पिवळी होती. आमच्याकडं नवरी मामानं आणलेली पिवळी साडी नेसून गौरीहराशी बसते आणि मामाच तिला बोहल्यापाशी नेतो. जबलपूरच्या माझ्या ताईची शकू आज गोरजमुहूर्तावर उभी राहणार होती. म्हणजे मी पोचलो नाही, तर नवरी तयारच होणार नव्हती. एवढं महत्त्व मला आजवर कोणी दिलं नव्हतं, त्यामुळं स्वारी खुशीत होती.

छोटी गाडी म्हणजे मोठी गोड चीज. सातपुड्याच्या वळणावर खिडकीतून डोकं काढलं की आपलंच इंजिन समोर दिसतं. चढणीवर ती इतकी रमतगमत चालते की डब्यातले एक गृहस्थ उतरले, टेंभरं (तेंदूची फळं) तोडली आणि परत चढून सगळ्यांना वाटली. नैनपूरला गरम भजी खाल्ली. पुढं मात्र इंजिनानं रानातल्या एका स्टेशनावर बसकण मारली ती मारलीच. जबलपूरच्या हाऊबाग स्टेशनावर उतरलो तेव्हा दुपार कलली होती.

फलाटावर आपलं म्हणावं असं कुत्रंही नाही! लग्नसराई, सगळे टांगे वऱ्हाडांनी पळवलेले. बोचकं मांडीवर घेऊन ट्रंकेवर बसलो आणि ताईच्या यजमानांना, म्हणजे भाऊजींना, मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. तेवढ्यात खोकत खोकत एक मोटार आली. पाठीला न्हाणीघरातल्या बंबासारखी उभी भट्टी. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून ही कोळशाच्या गॅसवर चालायची. आतून रेशमी फेट्यातले भाऊजी उतरले.

"अरे, मी तिकडे मोठ्या स्टेशनावर तुझी वाट पाहून राहिलो! काहून बाप्पा या खेळण्यातल्या गाडीनं आला?"

"नागपूरचा माणूस गोंदियावरून नाही येणार, तर काय विलायतेवरून येईल?"

"भला माणूस इटारसीवरून, मोठ्या लाइनीनं येतो!"

कोणत्या लाइनीनं येणार हे मी कळवलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. दोघांनाही आपापलीच लाइन खरी वाटत होती. चलो, बसा, म्हणत त्यांनी मला मोटारीत कोंबलं. याच मोटारीतून संध्याकाळी नवरदेवाला मांडवात आणायचं होतं, त्यामुळं तिला झेंडूच्या माळाही लावलेल्या होत्या.

नेपियर टाउनपर्यंत आमचा थाट काय सांगू! टांगे बाजूला होत होते, एक्क्यांची घोडी बिचकत होती. पण ताईचं घर असलेल्या घमापूरच्या अलीकडच्या चढणीवर मोटारीनं मोठा उसासा टाकला आणि ती गप्प झाली.

"कोयला खतम, साहब," ड्रायव्हर म्हणाला. "दो-दो टेसन घूमे न आज."

भाऊजींनी तरी भट्टीचा पंखा फिरवला. मग मी फिरवला. दोघंही काळेठिक्कर झालो, मोटार हलली नाही. ऊन उतरत चाललं होतं. तिकडं शकू न्हाऊनमाखून पिवळीची वाट बघत बसली असणार.

एवढ्यात शहरात कोळसा विकून कुंडमला परतणारी बैलगाडी मागून आली. भाऊजी तिला आडवे गेले. "भैया, थोडा कोयला?"

"कोयला तो सबेरेई बिक गओ, बाबूजी," गाडीवान हसला. "बैल हैं. कहो तो जोत दें."

त्यानं गाडी कडेला सोडली आणि बैल मोटारीला जुंपले. निघालो! तेवढ्यात गचका बसून बोचकं सीटवरून घसरलं, गाठ सुटली, मी झडप घालून पिवळी धरली. धरली खरी, पण पदरावर माझा अख्खा अंगठा उमटला, काळा. लग्नाच्या साडीवर काळं! मी घाईनं पदर आत दुमडला. भाऊजींनी पाहायच्या आत बोचक्याची गाठ मारली.

दारात ताई तांब्या आणि गूळ-डाळ घेऊन उभी होती. तिच्या सासरचे लोक भोसल्यांच्या चाकरीत इकडं आलेले. तेव्हा नागपूरचा मामा शिवनीच्या जंगलातून दमणीनं (बैलांच्या हलक्या गाडीनं) यायचा. तो धड पोचला हेच नशीब. म्हणून या घरात मामाच्याही आधी त्याच्या बैलांचे पाय धुतात. आगगाडी आली आणि बैल गेले, म्हणून बिचारी ताई टांग्याच्या चाकावर पाणी घालायची. आज तिनं पाहिलं आणि किंचाळलीच, "अगं बाई, खरे बैल!"

बैलांचे पाय धुतले, त्यांना गूळ-डाळ दिली, गाडीवानाला पंगतीला थांबवलं. मग शकू धावत आली.

"मामाजी, किती देर केली! द्या ना!"

मी पदर उलगडून दाखवला. ताईचा चेहरा उतरला. "शुभकार्यात काळं? काय केलंस रे हे!"

शकूनं त्या डागाकडं पाहिलं, माझ्या काळ्या तोंडाकडं पाहिलं आणि पदर छातीशी धरला.

"डाग काहून म्हणतेस, आई? मामांनी तीट लावली आहे. आता दृष्ट नाही लागणार."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. ताई रडता रडता हसली. शकू तीच पिवळी नेसून गौरीहराशी बसली. नवरदेव मोटारीतूनच आला, फक्त पुढं कुंडमचे बैल होते. गोरज टळली नाही. मी हात धुऊन भाचीला बोहल्यापाशी नेलं.

परत निघालो तो अर्थात छोट्या लाइनीनंच. नैनपूरला भजी खाताना वाटलं, छोटी लाइन, कोळशाची मोटार, पणजोबांच्या काळातले बैल, यांतल्या एकट्या कुणामुळं मी घमापूरला पोचलो नसतो. नखातला कोळसा मात्र काही केल्या निघेना.

घरात पाऊल टाकतो तोच बायकोनं विचारलं, "पिवळी नीट पोचली ना?"

मी अंगठा मुठीत लपवला आणि म्हटलं, "तीट लावून पोचली."