खतिजाबीचा डावा डोळा

खतिजाबी चाळीस वर्षं आमच्या निमगाव केतकीच्या बाजारात बांगड्या भरते. गिऱ्हाइकाचा पंजा एकदा दाबला की तिला माप कळतं. नवऱ्यामागं दोन पोरी तिनं याच धंद्यावर उजवल्या.

गेल्या महिन्यात माझा हात भरता भरता ती थांबली.

"प्रयागाक्का, हात दोन दिसत्यात."

"दोनच हायत की गं."

"एका हाताचं दोन."

मी बघितलं तर तिचा डावा डोळा नाकाकडं सरकून बसलेला. माझं हसू तिथंच गेलं.

डावीकडं बघितलं की दोन दिसायचं, म्हणून तिनं त्या अंगाला बघणंच सोडलं. हाक आली की आख्खी मान वळवायची. बारा दिवस पोरींना पत्ता लागू दिला नाही. शेवटी मीच तिला एसटीत घालून बारामतीला नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. कागदावर चित्र काढून म्हणाल्या, "मेंदूच्या देठात दोन बाजूंना दोन बारके गड्डे असतात. डावा गड्डा डाव्या डोळ्याला बाहेर ओढतो, आणि उजव्यालाही निरोप धाडतो, तूही इकडं वळ. गड्ड्यातून निघालेली नस अडली, तर एकच डोळा अडतो. गड्डाच बिघडला, तर दोन्ही डोळे डावीकडं जात नाहीत. मग लगेच पुण्याला न्यावं लागेल."

आमच्या ठिबकाचंही असंच. नळी तुंबली तर एक ओळ सुकते, पाण्याचा वॉल गेला तर सगळं रान. मला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

बाईंनी तिची हनुवटी धरली. "मान न हलवता पेनाकडं बघा." पेन डावीकडं गेलं. दोन्ही डोळे होते तिथंच. परत केलं, तरी तिथंच. बाई लिहायला लागल्या.

"अक्का, गड्डा गेला व्हय माझा?"

मी तिच्याकडं बघितलं. मग मनात आलं, बारा दिवस जिकडं बघितलंच नाही, तिकडं ही पेनासाठी कशाला बघंल?

"बाई, धरा हनुवटी," म्हणत मी तिच्या डाव्या अंगाला गेले आणि हातातली हिरवी बांगडी खाटेच्या लोखंडावर आपटली. टच्! बांगडीचा आवाज झाला आणि खतिजाबीनं बघितलं नाही, असं कधी झालेलं नाही. उजवा डोळा झर्रकन नाकाच्या कोपऱ्यात आला. डावा जागचा हलला नाही.

"परत करा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"परत? आमचं म्हातारं जितं हाय घरी!"

"नव्या भरल्या हुत्या मी," खतिजाबी डाफरली.

तरी अजून एक वाढवली. उजवा डोळा पुन्हा आला. गड्डा शाबूत दिसतोय, बाई म्हणाल्या. साखर तीनशेच्या वर निघाली. साखरेनंच नस धरली असावी, तीन महिन्यांत बहुतेक सुटेल.

ते 'बहुतेक' माझ्या जिवाला लागून राहिलंय. खतिजाबी आता डोळ्यावर पट्टी बांधून बाजारात बसते. दर बाजारला मी पट्टी उचलते, डावीकडं बघ म्हणते. काल डोळा तिळभर हलल्यासारखा वाटला.

तिला सांगितलं तर म्हणते, "तुमचा मोतीबिंदू हलला आसंल, अक्का."

पुढच्या बाजारला चष्मा लावून बघणार आहे.