निकालाआधीचा फ्लेक्स

जळकोटच्या बसस्थानकासमोर श्रीमंतभाऊंचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं कॉम्प्युटरवर बसते ती शिवकन्या. वाढदिवस असो की श्रद्धांजली, तालुक्यातला चेहरा गोरा तीच करते, मिशा दाट तीच करते. नांदेडला कलेचं सगळं शिक्षण घेऊन आलेली पोरगी.

तिला पीएचडी करायची होती. विषय हाच, गावोगावचे फ्लेक्स. रंगाऱ्याच्या हातची पाटी जाऊन कॉम्प्युटर आला, तेव्हा माणसं स्वतःला कशी मिरवू लागली. प्रवेशपरीक्षा पास झाली. पण कला, डिझाइन आणि डिजिटल तंत्रातले मार्गदर्शक सर नांदेडला एकच, त्यांच्याकडं जागाही एकच. ती भरली की त्या विद्यार्थ्याची पीएचडी संपेपर्यंत, पाच-सहा वर्षं, दार बंद. राहिली होती फक्त मुलाखत.

तिचे चुलते रेवणप्पा किराणा दुकानदार. कपाळावर विभूती, पोटात नगरपंचायत. त्यांनी उदगीरहून गुपचूप फ्लेक्स छापून आणला आणि चौकात ठोकला. 'डॉ. शिवकन्या हिची पीएचडीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' रेवणप्पांचा फोटो दाराएवढा. पोरीचा कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

"काका, मुलाखत बाकी हाय. उतरवा."

"परीक्षा पास झालीस न्हवं? मुलाखत म्हंजे च्या पिणं. आन् लागलेलं अभिनंदन उतरवत नसतेत. माझं नाक जातंय चौकात."

तिच्याआधी त्या फ्लेक्सचा फोटो नांदेडला पोचला. व्हॉट्सअ‍ॅपला बसचं भाडं लागत नाही. मुलाखतीला सोबत म्हणून मी, फ्लेक्सच्या दुकानाशेजारचा टपरीवाला, गेलो होतो, बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं.

सरांनी मोबाइल पुढं धरला. "या डॉक्टरबाई. आमचा निकाल तुमच्या चौकात आधी लागला म्हणे."

"सर, ते काकांनी..."

"काका मार्गदर्शन करतात का? मग त्यांच्याकडंच करा की."

शेजारच्या मॅडम चष्मा वर करून म्हणाल्या, "यात मुलगी शोधावी लागते हो."

हसले सगळे. विषयावर एक प्रश्न नाही. शिकलेल्यांची ही टवाळी मला गल्लीतल्या टवाळीपेक्षा घाण वाटते. गल्लीत निदान उलटून बोलता येतं. मी आत घुसणार होतो. ती बाहेर आली, माझी बाही धरली.

"भाऊ, चला. फ्लेक्स तर खरंच लागलाय."

जागा देवणीच्या रुद्रेशला मिळाली.

जळकोटात मात्र अभिनंदन तसंच लटकत राहिलं. स्टँडवरचे ऑटोवाले तिला वाट देताना म्हणायचे, "डॉक्टर, बीपी बघा की जरा." ती खाली बघून दुकानात शिरायची.

निवडणूक जवळ आली तसे रेवणप्पा दुकानात आले.

"रुद्रेश माझ्या साडूचा पोरगा. समाजाचं नाव काढलं त्यानं. त्याचं अभिनंदन लावायचंय. नवं काही करू नको, तुझंच हाय की माझ्या मोबाइलवर, उदगीरवाल्यानं धाडलेलं. नाव आन् फोटो तेवढा बदल."

"आन् तुमचा फोटो?"

"तो राहू दे. लई चांगला आलाय."

तिनं स्वतःचा चेहरा पुसला, तिथं रुद्रेशचा बसवला. मग त्याला थोडा गोरा केला, सगळ्यांना करते तसा.

श्रीमंतभाऊ शिडी घेऊन चौकात निघाले. जाता जाता त्यांनी विचारलं, "रेवणप्पा, जुना उतरवू का?"

"उगी राहू दे खाली. दुहेरी असलं की वाऱ्यानं फाटत न्हाई."